हिमोग्लोबिन वाढवून लेहला जावं का? पहाडी रक्त, पुणेरी रक्त आणि जनुकांचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतात, पाऊण तासात वर. जूनमध्ये दिल्लीमार्गे विमानाने लेह आणि तिथून खारदुंगला, नुब्रा, पँगाँग असा आठ दिवसांचा बेत आहे. ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, लडाखी लोकांच्या रक्तात जन्मतःच हिमोग्लोबिन जास्त असतं म्हणून त्यांना विरळ हवेचा त्रास होत नाही, तर आपणही दोन महिने लोहाच्या गोळ्या खाऊन ते वाढवून जाऊ. दुसरा म्हणतो, लाळेची जनुक चाचणी कर, त्रास होणार की नाही ते घरबसल्या कळेल. शिवाय त्यांचा मामेभाऊ नोकरीनिमित्त लेहला स्थायिक झाला आहे. त्याची मुलं तरी तिथल्यांसारखी होतील का, हेही त्यांना विचारायचं आहे.

पहिल्या मित्राची माहिती नुसती चुकीची नाही, ती बरोबर उलटी आहे. बरेच लडाखी ज्या तिबेटी वंशाचे आहेत, त्या पहाडी लोकांचं जनुकीय वैशिष्ट्य म्हणजे उंचीवर राहूनही त्यांचं हिमोग्लोबिन फारसं वाढत नाही. वाढतं ते आपलं. हा एक मुद्दा नीट समजला की गोळ्यांचं, चाचणीचं आणि मुलांचं उत्तर त्यातूनच निघतं. त्यामुळे आधी तोच सविस्तर घेतो.

"वर ऑक्सिजन कमी असतो" असं आपण म्हणतो, पण हवेतला ऑक्सिजनचा वाटा पुण्यात आणि लेहमध्ये सारखाच असतो, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला हा दाब ७६० मिलिमीटर पारा, पुण्यात ५६० मीटरवर साधारण ७१०, लेहला ३,५०० मीटरवर ५०० च्या आसपास. श्वासनलिकेत शिरलेली हवा ओली होते आणि त्या बाष्पाचा ४७ मिलिमीटर दाब वजा करावा लागतो. उरलेल्याचे २१ टक्के म्हणजे ऑक्सिजनचा दाब. पुण्यात तो १३९ येतो, लेहला ९५, एव्हरेस्टच्या बेस कॅम्पला ७४ च्या घरात. १९८१ साली एव्हरेस्टच्या माथ्यावर प्रत्यक्ष मोजलेला हवेचा दाब २५३ होता, म्हणजे तिथे हाच आकडा ४३ वर येतो. स्वयंपाकघरातला पुरावा हवा असेल तर लेहला पाणी साधारण ८९ अंशांना उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही.

आता सिंहगड. माथा सुमारे १,३०० मीटर. तिथे ऑक्सिजनचा दाब १२५ च्या आसपास असतो आणि रक्तातली ऑक्सिजन-संपृक्तता (किती टक्के हिमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलंय तो आकडा) जवळपास पुण्याइतकीच राहते. शरीर उंचीला गंभीरपणे घ्यायला लागतं ते साधारण २,५०० मीटरच्या वर. कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात उंचीचा सराव होईल अशी जागाच नाही. सिंहगडाने पाय, हृदय, दम तयार होतो आणि तो हवाच. पण विरळ हवेची सवय त्याने रतीभरही होत नाही. उलट तगडा माणूस पहिल्या दिवशी जास्त पळापळ करतो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो.

पेशीला ऑक्सिजन कमी पडतोय हे कळतं कसं? पेशीत हिफ नावाचं एक प्रथिन सतत तयार होतं आणि सतत मोडीत निघतं. मोडीत काढण्याची पद्धत अशी: पीएचडी-२ नावाचं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनचा रेणू वापरून हिफवर एक रासायनिक खूण करतं. ती खूण व्हीएचएल नावाचं दुसरं प्रथिन ओळखतं आणि हिफ कचऱ्यात जातं. (नाव पीएचडी, काम भंगाराच्या मालावर खडूने फुल्या मारायचं. पुण्यात हे कुणाला नवीन वाटू नये.) ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, हिफ टिकतं, पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि शेकडो जनुकांचं बटण दाबतं. त्यातलं एक मूत्रपिंडातलं. तिथून एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सुटतं, ते अस्थिमज्जेला सांगतं की लाल पेशी वाढवा. या यंत्रणेच्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या साखळीतली दोन जनुकं लक्षात ठेवा. हिफचा जो प्रकार लाल पेशींचा हुकूम देतो त्याचं जनुक ईपास-१. खुणा करणाऱ्या पीएचडी-२ चं जनुक ईजीएलएन-१. २०१० मध्ये वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे तिबेटी लोकांची जनुकं तपासली आणि नैसर्गिक निवडीचा सगळ्यात ठळक ठसा कुठे आहे हे शोधलं. बोट फिरून फिरून याच साखळीवर गेलं, सगळ्यात जास्त ईपास-१ वर. त्यातल्या एका अभ्यासात ईपास-१ मधला एक बदल तिबेटींमध्ये ८७ टक्के प्रमाणात आढळला आणि हान चिनी लोकांमध्ये ९ टक्के. शेजारच्या दोन समाजांमध्ये डीएनएच्या एकाच अक्षराचा एवढा फरक मानवी जनुकांत क्वचितच दिसतो. दुसऱ्या एका अभ्यासात ज्यांच्याकडे तिबेटी रूपाच्या दोन्ही प्रती होत्या, त्यांचं हिमोग्लोबिन एकच प्रत असलेल्यांपेक्षा १०० मिलिलिटर रक्तामागे सरासरी ०.८ ग्रॅमने कमी भरलं. इथे "कमी" हा शब्द पुन्हा वाचा. निसर्गाने हजारो वर्षं जे निवडलं, ते लाल पेशी वाढवणारं जनुक नव्हतं. ती वाढ दाबून धरणारं होतं.

असं का, हे आकड्यांत सहज दिसतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरलं तर १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहतं. पुण्यातल्या पुरुषाचं हिमोग्लोबिन १४.५ आणि संपृक्तता ९७ टक्के धरली तर १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १८.८ मिलिलिटर ऑक्सिजन येतो. तोच माणूस लेहला पहिल्या दिवशी ८८ टक्क्यांवर आला की १७.१. ४,००० मीटरच्या आसपास राहणाऱ्या तिबेटी पुरुषांचं सरासरी हिमोग्लोबिन १५.६ आणि संपृक्तता ८९ टक्क्यांच्या घरात मोजली गेली आहे. गुणाकार करा, १८.६ येतात, म्हणजे जवळपास पुणेकराइतकेच. आता दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियाच्या पठारावर तेवढ्याच उंचीवर राहणारे आयमारा लोक घ्या. पुरुषांचं हिमोग्लोबिन १९.२, संपृक्तता ९२ टक्के, ऑक्सिजन २३.७. समुद्रकिनारी राहणाऱ्या माणसापेक्षाही जास्त.

कागदावर आयमारा जिंकले. पण रक्त हे पाण्यासारखं वाहायला हवं, पाकासारखं नाही. लाल पेशी एका मर्यादेपलीकडे वाढल्या की रक्त घट्ट होतं, हृदयाला ते ढकलताना जास्त जोर लावावा लागतो, बारीक केशवाहिन्यांत प्रवाह मंदावतो आणि गुठळीची भीती वाढते. लक्ष्मी रोडवर गाड्या दुप्पट केल्या म्हणून माणसं दुप्पट वेगाने पोचत नाहीत, तसंच. अँडीज पर्वतातल्या लोकांमध्ये या घट्ट रक्ताचा एक आजारच आहे. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२० च्या दशकात त्याचं वर्णन केलं, म्हणून तो मोंगे आजार. हिमोग्लोबिन पुरुषांत २१ किंवा जास्त, बायकांत १९ किंवा जास्त आणि सोबत डोकेदुखी, झोप न लागणं, कानात आवाज, निळसर ओठ. उपाय म्हणजे खाली उतरून राहणं. काही ठिकाणी रक्त काढूनही तात्पुरता आराम देतात. तिबेटी लोकांत हा आजार बराच विरळ आहे.

मग तिबेटी माणूस भागवतो कसं? श्वासाने आणि प्रवाहाने. नुसतं बसलेलं असताना तिबेटी माणूस मिनिटाला सुमारे १५ लिटर हवा आत-बाहेर करतो, अँडीजमधला साधारण साडेदहा. त्यांच्या रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं. त्याने वाहिन्या सैल राहतात आणि हातापायांत रक्तप्रवाह आपल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. ऑक्सिजन कमी झाला की आपल्या फुप्फुसातल्या धमन्या आखडतात आणि तिथला दाब चढतो, तो त्यांच्यात कमी चढतो. नेपाळमधल्या शेर्पांच्या स्नायूंवर २०१७ मध्ये आलेल्या अभ्यासात असंही दिसलं की त्यांच्या पेशी चरबीऐवजी साखर जाळण्याकडे जास्त झुकतात. साखर जाळताना प्रत्येक ऑक्सिजनमागे थोडी जास्त ऊर्जा मिळते. थोडक्यात, रक्त घट्ट करून माल भरण्यापेक्षा पातळ रक्त जोरात फिरवायचं आणि आलेला माल काटकसरीने वापरायचा.

निवड झाली कुठे, हा भाग बहुतेक लेखांत सुटतो. आपल्याला वाटतं, जो धापा टाकत मेला त्याचं जनुक गेलं. प्रत्यक्षात चाळणी लागते ती गर्भाशयात आणि पाळण्यात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातली आकडेवारी सांगते की दर १,००० मीटर उंचीमागे बाळाचं जन्मवजन सरासरी १०० ग्रॅमने कमी होतं. कारण गर्भाशयाच्या धमनीतून वारेला जाणारं रक्त पुरेसं वाढत नाही. तिबेटी आईमध्ये ते वाढतं आणि तिच्या बाळाचं वजन त्याच उंचीवरच्या हान आईच्या बाळापेक्षा जास्त भरतं. बोलिव्हियातलं पोतोसी हे चांदीच्या खाणींचं शहर सुमारे ४,००० मीटरवर, १५४५ मध्ये वसलेलं. तिथे स्पॅनिश आईबापांचं जगलेलं पहिलं मूल त्यानंतर ५३ वर्षांनी झालं, असं त्या काळच्या एका धर्मगुरूच्या बखरीत आहे. बखर म्हणून जेवढं मानायचं तेवढंच माना, पण दिशा बरोबर आहे. नेपाळच्या वरच्या भागात ३,५०० मीटरच्या वर आयुष्य काढलेल्या ४१७ बायकांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. ज्यांची सगळ्यात जास्त मुलं जिवंत जन्मली त्यांचं हिमोग्लोबिन ना जास्त होतं ना कमी, अगदी मधलं होतं. संपृक्तता मात्र जास्त होती आणि फुप्फुसांकडचा रक्तप्रवाहही चांगला होता.

ईपास-१ चं हे तिबेटी रूप आलं कुठून, याचं उत्तर २०१४ मध्ये मिळालं आणि ते कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. जनुकाच्या त्या तुकड्यातली बदलांची सलग माळ आजच्या इतर मानवी समाजांत जवळजवळ सापडत नाही, पण ती डेनिसोव्हन नावाच्या नामशेष मानवाच्या डीएनएशी जुळते. सैबेरियातल्या अल्ताई पर्वतातल्या डेनिसोव्हा गुहेत बोटाचं एक हाड मिळालं होतं, त्यावरून २०१० मध्ये या मानवाची ओळख पटली. आपल्या पूर्वजांचा त्यांच्याशी संकर झाला, तो तुकडा वंशात शिरला, मैदानात राहणाऱ्यांना त्याचा उपयोग नव्हता आणि पठारावर गेलेल्यांना तो सोन्यासारखा ठरला. पुढे २०१९ मध्ये तिबेटी पठाराच्या कडेला, ३,२८० मीटरवरच्या गुहेतला १,६०,००० वर्षं जुना जबडा डेनिसोव्हनाचा असल्याचं प्रथिनांवरून सिद्ध झालं. म्हणजे ते लोक स्वतःही त्या उंचीवर राहत होते.

याचा वेळेच्या हिशेबाशी थेट संबंध आहे. समजा एखादं जनुकरूप १ टक्का लोकसंख्येत आहे आणि प्रत्येक प्रतीमागे पिढीला २ टक्के फायदा देतं. ते ८० टक्क्यांवर पोचायला साधारण ३०० पिढ्या लागतात, म्हणजे २५ वर्षांची पिढी धरली तर साडेसात हजार वर्षं. फायदा १ टक्का असेल तर पंधरा हजार. आणि हे सुरुवातीला ते रूप हाताशी असेल तर. तिबेटींना ते आयतं मिळालं. पठारावर माणसाचा वावर तीस हजार वर्षांपूर्वीही होता असं अवजारांवरून दिसतं. अँडीजमध्ये माणूस बारा-साडेबारा हजार वर्षांपूर्वी पोचला. त्यांना दुसऱ्या वाटेने जावं लागलं. इथिओपियातल्या अम्हारा लोकांची वाट तिसरीच आहे: ३,५३० मीटरवर पुरुषांचं हिमोग्लोबिन १५.९ आणि संपृक्तता ९५ टक्क्यांच्या वर. तिथे निवडीच्या खुणा वेगळ्याच जनुकांवर सापडतात. तीन पर्वतरांगा, तीन उत्तरं. "पहाडी जनुक" असा एकवचनी शब्द वापरला की म्हणूनच गोंधळ होतो.

विषयाबाहेर एक वाक्य. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाणथळीत जे पट्टकदंब हंस उतरतात, ते उन्हाळ्यात लडाख, तिबेट, मंगोलियाकडे असतात आणि येता-जाता हिमालय ओलांडतात. त्यांनी चौथाच मार्ग घेतलाय: हिमोग्लोबिनचं प्रमाण नाही, रेणूच बदललाय. अल्फा साखळीतलं ११९ वं अमिनो आम्ल वेगळं आहे आणि त्याने ऑक्सिजन घट्ट धरला जातो. दुर्बीण घेऊन भिगवणला जाणाऱ्यांनी पुढच्या वेळी त्यांच्याकडे जरा आदराने पाहावं.

आता लोहाच्या गोळ्या. तुमचं हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) नॉर्मल असेल तर गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन वाढत नाही, बद्धकोष्ठ तेवढा होतो. अस्थिमज्जा लोह आहे म्हणून पेशी बनवत नाही, हुकूम आला म्हणून बनवते, आणि पुण्यात तो हुकूम येणार नाही. मात्र लोहाची खरी कमतरता असेल तर ती जाण्याआधी भरून काढलीच पाहिजे. मगाशी सांगितलेल्या पीएचडी-२ विकराला काम करायला ऑक्सिजनबरोबर लोहही लागतं. लोह कमी असलं की खुणा कमी होतात आणि शरीराला वाटतं ऑक्सिजनच कमी आहे. फुप्फुसातल्या धमन्यांचा दाब त्यामुळे आणखी चढतो. म्हणून सहलीच्या सहा-आठ आठवडे आधी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि फेरिटिन करून घ्या, विशेषतः ग्रुपमधल्या बायकांनी. कमतरता निघाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्या. नाही निघाली तर विषय बंद.

लेहला पोचल्यावर तीन-चार दिवसांनी कुणी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन एक-दीड ग्रॅमने वाढलेलं दिसेल. ते बघून हुरळून जाऊ नका. नवीन पेशी बनलेल्या नसतात. लघवी जास्त होऊन रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं, म्हणून उरलेलं दाट दिसतं. एरिथ्रोपोएटिन पहिल्या एक-दोन दिवसांत चढतं, पण खऱ्या लाल पेशी वाढायला काही आठवडे लागतात. तोवर तुम्ही पुण्यात परत येऊन मिसळ खात असाल. आठ दिवसांच्या सहलीत तुम्हाला वाचवतो तो श्वास: तो पहिल्या तासापासून वाढतो. जास्त श्वासाने कार्बन डायऑक्साइड उडून जातो, रक्त थोडं अल्कलीयुक्त होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मग मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत बायकार्बोनेट हा अल्कलीयुक्त क्षार बाहेर टाकून तो लगाम सैल करतात. लेहमधल्या सक्तीच्या विश्रांतीचं कारण हेच. तिथे तुम्ही मूत्रपिंडांची वाट बघत असता.

डायमॉक्स, म्हणजे अॅसिटाझोलमाइड, हेच काम लवकर करवतं. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून सुरू करून वर पोचल्यावर किमान दोन दिवस. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा-कोल्ड्रिंक बेचव लागतं. हे सगळं अपेक्षित आहे. सल्फाची अॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पहिली गोळी पुण्यातच एखाद्या सुट्टीच्या दिवशी घेऊन बघा, म्हणजे काही विचित्र झालं तर ते घरी होईल.

जनुक चाचणीबद्दल. मराठी माणसाच्या अहवालात ईपास-१ चं तिबेटी रूप नाही असंच येणार, हे पैसे न भरताही सांगता येतं. मैदानी माणसांमध्ये कुणाला त्रास होईल हे ठरवणारं एखादं ठोस जनुक हाती लागलेलं नाही. लहान लहान परिणामांची बरीच आहेत. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संशोधन संस्थेने २०१० मध्ये एक गमतीदार काम प्रसिद्ध केलं. आयुर्वेदातल्या टोकाच्या वात, पित्त, कफ प्रकृतीच्या लोकांची जनुकं तपासली. ईजीएलएन-१ च्या एका रूपाचं प्रमाण कफ प्रकृतीत जास्त निघालं, आणि तेच रूप उंचीवर फुप्फुसात पाणी झालेल्यांमध्ये जास्त तर पहाडी रहिवाशांमध्ये कमी दिसलं. संशोधन म्हणून उत्तम आहे. पण "मी पित्ताचा, मला काय होणार" म्हणून विश्रांतीचा दिवस कापणारे लोक असतात, त्यांच्यासाठी ते लिहिलेलं नाही. चांगला अंदाज तीनच गोष्टींवरून येतो: आधी कधी ३,००० मीटरच्या वर झोपला होतात तेव्हा काय झालं, आता किती वेगाने चढताय आणि रात्री किती उंचीवर झोपताय. पहिल्याची माहिती फुकट आहे, दुसऱ्या-तिसऱ्याचा ताबा तुमच्याकडे आहे.

तुमच्या बेतातली खरी चूक तिथेच आहे. पुणे, दिल्ली, लेह म्हणजे अर्ध्या दिवसात ५६० वरून ३,५०० मीटर. १९६२ च्या युद्धात मैदानातून झटपट वर नेलेल्या जवानांचं काय झालं याचा लेफ्टनंट जनरल इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ रुग्णांवर आधारलेला शोधनिबंध १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभर या विषयाचा पाया म्हणून तो आजही वाचला जातो. लष्कर आता जवानाला लेहच्या उंचीवर सहा दिवस, मग ३,६०० ते ४,५०० मध्ये चार आणि त्याहून वर आणखी चार दिवस असं टप्प्याटप्प्याने नेतं. विशीतल्या, रोज पळणाऱ्या मुलांना सहा दिवस लागतात आणि आपण दुसऱ्या दिवशी सकाळी खारदुंगल्याला सेल्फी काढायला निघतो.

आठ दिवसच असतील तर असं करा. लेहला पूर्ण तीन रात्री. पहिल्या दिवशी खोली आणि जेवण, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात सावकाश फेरी. तिसऱ्या दिवशी शे, ठिकसेपर्यंत गाडीने. मग खारदुंगला ओलांडून नुब्रा. खिंड सुमारे ५,३५० मीटर आहे (तिथल्या जुन्या पाटीवरचा ५,६०२ चा आकडा चुकीचा आहे), तिथे पंधरा-वीस मिनिटांच्या वर थांबू नका. नुब्रातलं हुंडर ३,१०० मीटरच्या आसपास, म्हणजे लेहपेक्षा खाली, त्यामुळे तिथली झोप चांगली लागते. घोटाळा होतो तो इथून पुढे. वेळ वाचवायला गाडीवाले नुब्राहून श्योक नदीच्या काठाने थेट पँगाँगला नेतात. ३,१०० वरून ४,२५० मीटरवर झोपायचं, एका दिवसात ११५० मीटरची उडी. नियम असा की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. म्हणून नुब्राहून लेहला परत या, एक रात्र काढा आणि पँगाँग शक्यतो एका दिवसात जाऊन-येऊन करा. मुक्काम करायचाच असेल तर तो सहलीच्या शेवटी, आणि ज्याचं डोकं आधीच दुखतंय त्याने नाही. रस्त्याने जाणार असाल तर श्रीनगरमार्गे जा. कारगिल २,७०० मीटरच्या आत आहे, मुक्काम सोसतो. मनालीकडून सरचूला ४,२९० मीटरवर पडणारी रात्र अनेकांची सहल संपवते.

डोकेदुखी, मळमळ, भूक मेली, झोप नाही, एवढंच असेल तर आहे त्या उंचीवर थांबा, पॅरासिटामॉल घ्या, वर चढू नका. चालताना तोल जाणं, असंबद्ध बोलणं, बसल्या जागी धाप, छातीत घरघर, फेसाळ खोकला यापैकी काहीही दिसलं तर ऑक्सिजन लावून त्याच वेळी खाली निघायचं, रात्र असली तरी. "सकाळी बघू" या दोन शब्दांनी माणसं गेली आहेत. पल्स ऑक्सिमीटरवर लेहला ८५ ते ९० दिसलं आणि माणूस ठणठणीत असेल तर घाबरू नका. आकडा ८८ आहे पण माणूस बडबडतोय असं असेल तर आकड्याकडे बघत बसू नका. स्प्रेसारखे मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात. त्यांच्या भरवशावर वर थांबणं सगळ्यात वाईट.

लडाखी ड्रायव्हरला काही होत नाही म्हणून आपल्यालाही होणार नाही, हा हिशेबही सोडा. आणि सगळे लडाखी एकाच साच्याचे नाहीत. चांगथांगचे चांगपा, द्रासकडचे दार्दी बोलणारे लोक, बाल्टी, लेहची जुनी व्यापारी घराणी यांची वंशावळ वेगवेगळी मिसळलेली आहे आणि तिबेटी रूपाचं प्रमाणही त्यानुसार बदलतं. याचा एक व्यावहारिक परिणाम दवाखान्यात दिसतो. रक्तक्षय ठरवताना उंचीनुसार हिमोग्लोबिनची मर्यादा वर सरकवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या तक्त्यात ३,५०० मीटरला २.७ ग्रॅमची भर होती, म्हणजे बाईसाठी १२ ऐवजी १४.७. तिबेटी वंशाच्या, १३.५ हिमोग्लोबिन असलेल्या निरोगी बाईला या हिशेबाने रक्तक्षय ठरतो आणि तिच्या माथी गोळ्या मारल्या जातात. ही भर मैदानी आणि अँडीजच्या शरीरांवरून आली होती. संघटनेने २०२४ मध्ये हे निकष बदलले, पण वंशाचा प्रश्न अजून शिल्लक आहेच. उंचीवर काम करणाऱ्या डॉक्टरांनी म्हणूनच फेरिटिन बघितल्याशिवाय लोह देऊ नये.

राहिली मामेभावाची मुलं. जनुकं आईबापांकडून येतात, पत्त्यावरून नाही. ईपास-१ चं ते रूप त्यांना लेहमध्ये जन्मून मिळणार नाही. मात्र एक तिसरी गोष्ट असते, ना जनुकीय ना तात्पुरती: वाढीच्या वयात उंचीवर राहिलेल्या मुलांची फुप्फुसं काहीशी मोठी होतात आणि तो फायदा आयुष्यभर टिकतो. तो या मुलांना मिळेल, पण पुढच्या पिढीला वारशाने जाणार नाही. वहिनींचं बाळंतपण व्हायचं असेल तर वाढ बघणाऱ्या सोनोग्राफी नेहमीपेक्षा काटेकोर करून घ्याव्यात आणि शेवटचे महिने खाली काढायचे का हे तिथल्या डॉक्टरांशी आधीच बोलावं.

आणि एक गोष्ट त्याला आजच फोन करून सांगा. लेहच्या शाळांना मोठी सुट्टी हिवाळ्यात असते. मुलं दोन महिने पुण्याला आजीकडे येतील आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये विमानाने परत जातील. उंचीवर वाढलेली मुलं काही आठवडे खाली राहून परत वर गेली की त्यांच्या फुप्फुसात पाणी होण्याचा धोका असतो, आणि घरचे "हा तर इथलाच" म्हणून गाफील राहतात. सर्दी-ताप असेल तर विमान पुढे ढकलावं. पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस शाळा नाही, बर्फात पळापळी नाही. पहिल्या तीन-चार रात्री खोकला वाढला, श्वास जोरात चालू लागला, मूल नेहमीपेक्षा मलूल दिसलं तर ते सर्दीचं म्हणून थांबू नये, संपृक्तता मोजून थेट हॉस्पिटल गाठावं.